जुन्या इमारतीचं लेझर स्कॅनिंग: कुठल्या मिलिमीटरवर विश्वास ठेवायचा

भिंत ओळंब्यात आहे का हे बघायला गवंडी दोरी सोडतो आणि वर, मध्ये, खाली अशी तीन मापं घेतो. पद्धत चोख आहे. अडचण एवढीच, की जिथे दोरी सोडली तेवढीच एक रेघ तपासून होते. दोन हात बाजूला भिंतीला पोट सुटलं असेल तर ओळंब्याला त्याचा पत्ता लागत नाही. लेझर स्कॅनर हेच काम त्याच भिंतीवर दर पाच-सहा मिलिमीटरला एकदा करतो, आणि त्यासाठी मोडकळीला आलेल्या छज्ज्याखाली कुणाला उभं राहावं लागत नाही. जुन्या इमारतींच्या तपासणीत हे यंत्र आलं ते या दोन गोष्टींमुळे.

पण स्कॅनचे रंगीत नकाशे बघून घाबरणारे चुकतात आणि तेच नकाशे बघून निर्धास्त होणारेही चुकतात. स्कॅनर इमारतीचा आकार मोजतो. काँक्रीटची ताकद किती उरली, सळई किती गंजली, विटा-दगडांच्या सांध्यांमधल्या चुन्याचा भुगा झालाय का, यातलं त्याला काही कळत नाही. आणि आकार बदललाय असं म्हणायचं तर आपल्या मोजमापातली चूक त्या बदलापेक्षा लहान आहे हे आधी दाखवावं लागतं. पुढे बरंचसं या चुकीबद्दलच लिहिलं आहे, कारण निर्णय तिथेच बिघडतात.

माहितीपत्रकातला आकडा आणि जागेवरचा आकडा

स्कॅनर फिरत्या आरशावरून लेझरचा किरण सगळीकडे फेकतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून अंतर काढतो. काही यंत्रं प्रकाशाला जाऊन यायला लागलेला वेळ मोजतात, काही किरणाच्या लहरीत पडलेला फरक मोजतात. वेळ मोजणाऱ्या यंत्राचं काम किती नाजूक आहे बघा: १ मिमी अंतर ओळखायचं तर सुमारे ६.७ पिकोसेकंदांचा फरक पकडावा लागतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग. आजची चांगली यंत्रं सेकंदाला दहा-वीस लाख बिंदू टिपतात. या बिंदूंच्या ढिगाला पॉइंट क्लाऊड म्हणतात.

माहितीपत्रकात 'अर्धा मिलिमीटर' असं काहीतरी ठळक छापलेलं असतं. तो बहुधा पांढऱ्या, सपाट पृष्ठभागावर, १० मीटरवरून घेतलेल्या अंतरातला गोंगाट, म्हणजे एकाच अंतराच्या मापांत होणारा बारीक कमी-जास्तपणा, असतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात कोनाची अचूकता दिलेली असते, ती आधी वाचावी. कोनात १८ सेकंदांची (इथे सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) चूक असेल तर १० मीटरवर बिंदू ०.९ मिमी सरकतो, २० मीटरवर १.७ आणि ४० मीटरवर ३.५ मिमी. त्यात किरणाचा ठिपकाही लांब जाताना पसरतो. बऱ्याच यंत्रांत २० मीटरवर तो सेंटीमीटरच्या घरात जातो.

यावर भर पडते ती वेगवेगळ्या जागांवरून घेतलेले स्कॅन एकमेकांना जोडताना राहिलेल्या चुकीची. सगळं धरून एका पूर्ण इमारतीच्या स्कॅनमध्ये कुठलाही बिंदू ३ ते ६ मिमीच्या आत खरा असेल, तर काम चांगलं झालं म्हणायचं. हातात धरून चालत चालत करायचे स्कॅनर यात बसत नाहीत. त्यांची चूक १ ते ३ सेंटीमीटर असते. नकाशे काढायला, खोल्यांची क्षेत्रफळं घ्यायला ते उत्तम, पण भिंत सरकली का हे त्यांना विचारू नये.

इथे एक समज दूर करायला हवा. 'लाखो बिंदूंची सरासरी घेतली की चूक नाहीशी होते' असं सांगितलं जातं. गोंगाट सरासरीने कमी होतो, हे खरं. एकाच जागेवरून घेतलेल्या स्कॅनमध्ये हजारो बिंदूंतून सपाट प्रतल बसवलं तर भिंतीचा फुगवटा मिलिमीटरपर्यंत विश्वासाने वाचता येतो. पण स्कॅन जोडताना अख्खा स्कॅनच ४ मिमी सरकला असेल, तर त्यातले सगळे बिंदू मिळून ४ मिमी सरकलेले असतात. त्यांची कितीही सरासरी काढा, ४ मिमी तिथेच राहतात.

जागेवर

सुरुवात स्कॅनरने करायची नाही, स्थिर खुणांनी करायची. इमारतीपासून लांब, तिच्याबरोबर खचणार नाहीत अशा ठिकाणी पाच-सहा खुणा पक्क्या कराव्यात. खडकात बसवलेली पोलादी पिन सगळ्यात चांगली. त्याच इमारतीची कुंपणाची भिंत, पायरी किंवा फरशी नको. नवं खणकाम चाललंय किंवा भराव टाकलेला आहे तिथेही नको. हिशेबाला तीन खुणा पुरतात, तरी पाच-सहा यासाठी की पुढच्या वेळी त्यांच्यातली आपसातली अंतरं टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर अचूक मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र) मोजून जी सरकली असेल ती बाद करता यावी. तीनच असतील आणि एक हलली, तर ती कोणती हे खात्रीने सांगता येत नाही.

मग स्कॅनरच्या जागा. खोल्या-ओसरीत ८ ते १० मीटरला एक, आणि शेजारच्या दोन स्कॅनमध्ये किमान ३०-४० टक्के भाग दोघांनाही दिसणारा हवा. जिना हा सगळ्यात दुबळा दुवा असतो. तिथे प्रत्येक मजल्याच्या आणि मधल्या चौकावर एकेक जागा घ्यावीच लागते, आणि प्रत्येक जोडाला थोडी चूक चिकटते. एका जोडाला २ मिमी धरले तर सोळा जोडांनंतर वरच्या मजल्यावर ती ८ मिमी होते, तीही सगळं नशिबाने एकाच बाजूला झुकलं नाही तर. यावरचा उपाय म्हणजे साखळीला मध्ये मध्ये बाहेरून गाठ मारणं. प्रत्येक मजल्यावर स्कॅन जोडताना ओळखू यावेत म्हणून बाहेर लावलेली निशाणं किंवा पांढरे गोळे खिडकीतून दिसतील अशी एक तरी जागा ठेवावी आणि तीच निशाणं बाहेरच्या स्कॅनमध्येही यावीत. अहवालात 'जिन्यातून वर गेलो' एवढंच असेल, तर वरच्या मजल्यांच्या आकड्यांकडे सावधपणे बघावं.

बाहेरचा दर्शनी भाग रस्त्यावरून स्कॅन करताना वेगळीच अडचण येते. भिंत २० मीटर उंच आणि मागे सरकायला जागा ६ मीटर, म्हणजे वरच्या टोकाला किरण लंबापासून ७३ अंश तिरपा लागतो. गोल ठिपका साडेतीन पटींच्या जवळपास लांबतो आणि अंतर धूसर होतं. साधारण ६०-६५ अंशांपुढचे बिंदू फुगवटा मोजायला वापरू नयेत. शिवाय खालून बाल्कनीचा तळ दिसतो, पण पाणी साचून जिथून झिरपायला सुरुवात होते तो वरचा पृष्ठभाग दिसत नाही. समोरच्या इमारतीची गच्ची मिळवणं हाच चांगला मार्ग आहे.

काच आणि आरसे खोटी खोली तयार करतात: आरशाच्या पलीकडे तितकीच मोठी, व्यवस्थित दिसणारी. ती हाताने पुसावी लागते. काळा डांबरी लेप आणि ओली फरशी यांच्यावरून प्रकाश नीट परतत नाही, तिथे भोकं पडतात. कॉलमच्या कडेवर अर्धा ठिपका कॉलमवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडला, की हवेत लोंबणारे बिंदू उमटतात. ते न काढता कॉलमची रुंदी मोजली तर कॉलम जाड निघतो.

लाकडी किंवा झोल आलेल्या जमिनीवर स्कॅनर चालू असताना माणसाने हलू नये. शक्य असेल तर खोलीबाहेर, भिंतीलगत उभं राहावं. आपल्या वजनाने जमीन दबते, ट्रायपॉड कलतो आणि चालू स्कॅनच्या मध्यावर पायरी पडते. यंत्र तापून स्थिर व्हायला थोडा वेळ द्यावा, उन्हात मऊ झालेल्या डांबरावर ट्रायपॉड ठेवू नये, आणि दर फेरीत टेपने किंवा टोटल स्टेशनने पाच-सहा अंतरं स्वतंत्रपणे मोजून ठेवावीत. शेवटची ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. ती नसलेला अहवाल मी अपुरा समजते.

हे सगळं निवांत वेळ असलेल्या इमारतीसाठी. जिथे भेगा तासातासाने रुंदावताहेत, कालपर्यंत लागणारं दार आज अडकतंय, कॉलममधून कुरकुर किंवा तडतड ऐकू येतेय, वरून बारीक माती गळतेय, तिथे स्कॅन मागवू नका. माणसं बाहेर काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मोजायचंच झालं तर बाहेरून, लांबून, नंतर.

एकाच स्कॅनमधून काय वाचता येतं

पहिला स्कॅन हातात आला की जवळपास प्रत्येक जुनी इमारत वाकडी दिसते. तिच्यातलं बरंचसं वाकडेपण बांधतानाचंच असतं. त्यामुळे 'भिंत वरच्या टोकाला ३० मिमी बाहेर आहे' या वाक्यातून धोका सिद्ध होत नाही. बांधतानाचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे इमारतीच्याच अंगावर शोधावं लागतं.

सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार म्हणजे विटांचे थर. कुठलाही गवंडी थर पाणसळीत ठेवतो, कारण तसं न केलं तर पुढचं काम जमतच नाही. जिथे गिलावा नाही तिथे एकाच थराची रेघ स्कॅनमध्ये इमारतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काढावी. ती थेट कोपऱ्याकडे २५ मिमी उतरत असेल, तर तो कोपरा खचला असं मानायला जोरदार आधार आहे. खिडक्यांचे उंबरे आणि दगडी पट्टे हेही तसेच कामी येतात. फरशी मात्र फसवते. खचलेल्या जमिनीवर कुणीतरी कधीतरी कोबा घालून ती पुन्हा सारखी केलेली असते. खचलेला इतिहास त्या कोब्याच्या जाडीत लपतो.

मग मजल्यांची तुलना. एकाच कॉलमभोवती सगळ्या मजल्यांवर साधारण सारखाच उतार दिसत असेल तर संशय पायावर जातो. एकाच मजल्यावर मधोमध झोल असेल तर तो त्या स्लॅबचा किंवा तुळईचा प्रश्न आहे. स्लॅबच्या झोलाला सर्वसाधारण मर्यादा गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) २५०व्या भागाची धरतात, म्हणजे ४ मीटरच्या गाळ्याला १६ मिमी. पण तळ १६ मिमी खाली आणि वरचा पृष्ठभाग सपाट असेल, तर बहुधा काँक्रीट ओततानाच फळ्या दबल्या होत्या, आणि स्लॅब मध्ये जाड आहे. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना समांतर झुकलेले असतील तर स्लॅब खरोखर वाकला. वरून झालेला कोबा इथेही घोळ घालतो, म्हणून शंका असेल तिथे छोटं भोक पाडून थरांची जाडी बघावी.

खचण्याच्या बाबतीत एकूण खचण्यापेक्षा शेजारच्या दोन आधारांमधला फरक महत्त्वाचा. पायाच्या अभियांत्रिकीतले तज्ज्ञ बेरम यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही वापरात आहेत. हा फरक आधारांमधल्या अंतराच्या १/५०० पर्यंत असेल तर भेगा पडू नयेत, १/३०० ला सांगाड्यात भरलेल्या भिंतींमध्ये पहिल्या भेगा, १/१५० ला इमारतीच्या सांगाड्याला इजा होण्याची भीती. कॉलम ५ मीटर अंतरावर असतील तर हे अनुक्रमे १०, १७ आणि ३३ मिमी होतात. पहिला आकडा स्कॅनरच्या एकूण चुकीच्या फार वर नाही, हे ध्यानात घ्या. म्हणूनच खचणं मोजायला मी आजही अचूक लेव्हलिंगलाच, म्हणजे लेव्हल यंत्राने उंचीतला फरक मोजण्यालाच, पहिली पसंती देते. कॉलमवर पिन ठोकून चांगल्या लेव्हलने घेतलेलं माप मिलिमीटरच्या आत येतं. स्कॅनर ती पिन कुठे ठोकायची ते दाखवतो.

एकसंध कलणं ही निराळी गोष्ट. पिसाचा मनोरा आजही सुमारे ४ अंश कललेला आहे आणि उभा आहे, कारण तो जवळजवळ एका तुकड्यासारखा कलला. साध्या इमारतीचाही आधी एकूण कल काढून वजा करावा आणि मग उरलेला पीळ, बाक बघावा. भेगा त्या उरलेल्या भागामुळे पडतात.

आता जाड दगडी किंवा विटांच्या भिंती. पुष्कळ जुन्या भिंती दोन पदरी असतात: आतला पदर, बाहेरचा पदर आणि मध्ये चुन्यात टाकलेला दगडगोट्यांचा भराव. पाणी शिरलं की चुना निघून जातो, भराव खाली बसतो आणि पाचरीसारखा दोन्ही पदरांना ढकलतो. फक्त बाहेरून स्कॅन केला तर एवढंच कळतं की भिंतीला पोट सुटलंय. पण आतून आणि बाहेरून स्कॅन करून, खिडक्या-दारांतून दोन्ही नीट जोडले, की भिंतीची जाडी जागोजाग काढता येते. समजा पायथ्याशी ६०० मिमी, माथ्याशी ५९५ आणि मधोमध ६४०. बाहेरचा चेहरा ३८ मिमी फुगलाय आणि आतला जवळपास सरळ आहे. म्हणजे भिंत वाकलेली नाही, पदर सुटलाय. हा फरक जीव वाचवणारा आहे, कारण सुटलेला पदर फारशी पूर्वसूचना न देता कोसळू शकतो, आणि दुरुस्तीही वेगळी लागते: पदर एकमेकांना पिनांनी बांधणं आणि पोकळीत मिळतंजुळतं ग्राऊट (घट्ट होणारं पातळ मिश्रण) भरणं. जाडी सगळीकडे ६०० च्या आसपास आणि दोन्ही चेहरे एकाच दिशेला वाकलेले असतील, तर छपराचा किंवा कमानीचा रेटा शोधायला लागा. जोडतानाची चूक इथे थेट जाडीत मिसळते, म्हणून दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी टेपने मोजून स्कॅनशी पडताळावी.

भेगांसाठी स्कॅनरवर विसंबू नका. ठिपकाच काही मिलिमीटरचा असताना ०.३ मिमीची भेग त्यात कशी दिसणार? तिथे चांगला उजेड, जवळचा फोटो, भेगेची रुंदी मोजायचं कार्ड, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या मापनखुणा हवीत. स्कॅनर भेगेच्या दोन काठांत ३-४ मिमीची पायरी पडली असेल तर ती मात्र दाखवतो. फोटोंवरून काढलेल्या भेगा स्कॅनमधून काढलेल्या वाकडेपणाच्या नकाशावर ठेवून बघाव्यात. खचलेल्या कोपऱ्याकडे तिरप्या जाणाऱ्या भेगा आणि तिथेच उतरलेले थर एकमेकांना दुजोरा देत असतील तर निदान पक्कं होत जातं. दोघांची साक्ष जुळत नसेल तर कुठलं तरी एक माप चुकलंय.

गंजाचंही तसंच. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, त्यामुळे वरचं आवरण आतून ढकललं जातं. कॉलमच्या चेहऱ्यावर सळईच्या रेघेत उभा, दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटा जवळून घेतलेल्या स्कॅनमध्ये कधीकधी दिसतो. दिसला तर तिथे हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज आला की आवरण सुटलंय. पुढे हाफ-सेल चाचणी, अल्ट्रासोनिक, कार्बोनेशन, कोअर या सळईचा गंज आणि काँक्रीटची अवस्था तपासायच्या चाचण्या नेहमीप्रमाणेच. १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा लेझर वापरणाऱ्या यंत्रांचा आणखी एक उपयोग होतो: पाणी तो प्रकाश बराच शोषून घेतं, त्यामुळे परतलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेच्या चित्रात ओल काळपट डागासारखी उमटते. रंगातल्या फरकानेही असंच दिसू शकतं, म्हणून तो फक्त 'इथे बघा' असा इशारा समजायचा.

दुसरा स्कॅन

बदल मोजायचा तर दुसरा स्कॅन लागतोच, आणि तुलना करताना सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. दोन स्कॅन एकमेकांवर बसवायचे, तर सॉफ्टवेअर आपणहून सगळी इमारत सगळ्या इमारतीवर 'जास्तीत जास्त जुळेल' अशी बसवतं. इमारत सरसकट १० मिमी खचली असेल तर उत्तर शून्य येतं. चार कोपऱ्यांपैकी एकच १२ मिमी खचला असेल, तर कोपऱ्यांच्या उंचीपुरता हिशेब असा निघतो: खचलेला कोपरा ३ मिमी खाली, त्याच्या तिरका समोरचा कोपराही ३ मिमी खाली, आणि उरलेले दोन ३ मिमी वर. बारा मिलिमीटर चौघांत वाटले गेले आणि सगळं चुकीच्या मर्यादेत जाऊन बसलं. अहवालात इमारतीचा काही भाग 'वर उचललेला' दिसला की आधी हीच शंका घ्यावी. दोन्ही स्कॅन बाहेरच्या स्थिर खुणांवरच बसवायला हवेत.

तुलनेसाठी क्लाऊडकंपेअर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यातली एमथ्रीसीटू पद्धत वापरावी, कारण ती पृष्ठभागाच्या लंबदिशेने फरक मोजते आणि प्रत्येक ठिकाणी तो फरक ९५ टक्के खात्रीच्या मर्यादेबाहेर आहे का हेही सांगते. जोडणीतली चूक तिथे आपल्याला हाताने भरावी लागते. ती शून्य ठेवली तर सगळाच फरक खरा वाटायला लागतो. नकाशाच्या रंगपट्टीकडेही बघा. चूक ४ मिमी आणि पट्टी उणे ५ ते अधिक ५ असेल, तर लाल-निळा रंग म्हणजे नुसता गोंगाट. चुकीच्या मर्यादेतला सगळा भाग करडा दाखवायला सांगा.

तापमान विसरू नये. काँक्रीट एका अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१ मिमी वाढतं. ३० मीटर उंचीची इमारत २० अंशांनी तापली की ६ मिमी उंच होते, आणि उन्हाची बाजू जास्त वाढल्याने माथा सावलीकडे झुकतो. म्हणून दोन्ही स्कॅन सारख्या वेळी, शक्यतो पहाटे, आणि वर्षातल्या सारख्याच दिवसांत घ्यावेत. फुगणाऱ्या चिकणमातीवरच्या इमारती ऋतूनुसार वर-खाली होतात. तिथे वर्षातून चार स्कॅन घेतल्याशिवाय खचणं आणि श्वास घेणं यांत फरक कळत नाही. मधल्या काळात नवा गिलावा झाला असेल तर तो सरळ 'हालचाल' म्हणून उमटतो, त्याची नोंद तारखेसह ठेवा.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा स्कॅन कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये ५० हून अधिक जागांवरून केला होता. अब्जावर बिंदू होते. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर तो पुनर्बांधणीच्या कामी आला, कारण तो नीट जपलेला होता आणि उघडता येत होता. म्हणून काम संपलं की फक्त पीडीएफ आणि रंगीत चित्रं घेऊ नका. प्रत्येक जागेचा मूळ स्कॅन, ई५७ स्वरूपातला (एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेला नसलेला) पूर्ण डेटा, स्थिर खुणांचे सहनिर्देशक आणि प्रत्येक पिनचा जवळून व लांबून काढलेला फोटो, जोडणीचा अहवाल, यंत्राचा क्रमांक आणि कॅलिब्रेशनची तारीख, स्कॅनच्या वेळचं तापमान, हे सगळं मागून घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पिनांवर झाकण घालून वर रंगाची खूण करा, नाहीतर पुढच्या डागडुजीत कुणीतरी त्या सिमेंटखाली बुजवून टाकतं.